फ्लोरिन, स्फोटकं आणि नागपूर : न घडलेल्या गोष्टींचा इतिहास

 

आजचा विषय रसायनशास्त्राच्या इतिहासाचा आहे. पण सुरुवात प्रयोगशाळेतून न करता आपण नागपूरच्या दोन पत्त्यांपासून करू. पहिला पत्ता नेहरू मार्गावरचा, म्हणजे नीरीचा. ही संस्था १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. दुसरा पत्ता सेमिनरी हिल्सवरचा. तिथे पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आहे. देशात खाणीसाठी स्फोटकं बनवायची असोत, साठवायची असोत की ट्रकमधून न्यायची असोत, परवान्याची वाट शेवटी या टेकडीकडे येते.

एका ठिकाणी पाण्यातलं फ्लोराइड काढण्याचा अभ्यास झाला. दुसऱ्या ठिकाणी स्फोट होऊ नये म्हणून नियम सांभाळले जातात. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण फ्लोरिन आणि स्फोटकं ही रसायनशास्त्रातली एकाच घरातली भावंडं आहेत. ती कशी, हे आधी बघू. मग या दोन्ही विषयांत आयुष्य घालवणाऱ्या माणसांकडे वळू.

फ्लोरिनची गोष्ट अपघातांची आहे. १७७१ मध्ये शीले या रसायनज्ञाने फ्लुओराइट खनिजावर आम्ल टाकून एक विचित्र आम्ल मिळवलं. ते काच खायचं. त्यात एक नवं मूलद्रव्य दडलेलं आहे हे पुढच्या पिढीला कळून चुकलं, पण ते मोकळं करायला पुढची शंभराहून जास्त वर्षं गेली. हम्फ्री डेव्हीला या प्रयोगांत विषबाधा झाली. आयर्लंडचे नॉक्स बंधू गंभीर आजारी पडले. बेल्जियमचा लुयेट आणि फ्रान्सचा निकलेस हे तर प्राणाला मुकले. अखेर २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यांना यश आलं. त्यांनी प्लॅटिनम-इरिडियमची यू आकाराची नळी घेतली, ती शून्याच्या खूप खाली थंड केली, आत निर्जल हायड्रोजन फ्लोराइड भरलं आणि वीज सोडली. नळीची बुचं कशाची होती माहीत आहे? फ्लुओराइटची. कारण फ्लोरिन जिथून आलं, तेच खनिज त्याला दाद देत नव्हतं.

पुढचा प्रसंग मला फार आवडतो. विज्ञान अकादमीने खात्री करायला तीन मोठे रसायनज्ञ पाठवले आणि त्यांच्यासमोर प्रयोग फसला! वीज वाहीना, वायू निघेना. म्वासाँ यांनी पाहुण्यांसाठी म्हणून मुद्दाम जास्त शुद्ध आम्ल तयार केलं होतं, आणि ते इतकं शुद्ध होतं की त्यातून वीज जात नव्हती. आधीच्या प्रयोगांत पोटॅशियमचं फ्लोराइड थोडं मिसळलेलं होतं, तेच वीज वाहून नेत होतं. हे लक्षात आल्यावर त्यांनी ते मुद्दाम घातलं आणि प्रयोग जमला. १९०६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढच्याच फेब्रुवारीत, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले.

आता भावंडांचा मुद्दा. फ्लोरिनच्या रेणूत दोन अणू असतात आणि त्यांची एकमेकांशी बांधणी अगदी सैल. ती तोडायला मोलमागे साधारण १६० किलोज्यूल ऊर्जा पुरते. पण त्याच फ्लोरिनने हायड्रोजनशी बंध जोडला की तो साडेपाचशे किलोज्यूलच्या वर जातो. सैल गाठ सोडायची आणि घट्ट गाठ मारायची, या व्यवहारात जो फरक उरतो तो उष्णता म्हणून बाहेर पडतो. स्फोटकाचं गणित हेच. बहुतेक स्फोटकांत नायट्रोजन अवघडलेल्या अवस्थेत बसवलेला असतो. संधी मिळाली की तो आपल्या जोडीदाराशी तिहेरी बंध करतो, आणि तो बंध साडेनऊशे किलोज्यूलच्या आसपास. म्हणून फ्लोरिनवर काम करणारा रसायनज्ञ आणि उच्च ऊर्जा पदार्थांवर काम करणारा रसायनज्ञ एकच हिशेब करतात : साठवलेली ऊर्जा किती, आणि ती मला हवी तेव्हाच बाहेर येईल ना?

या हिशेबावर अख्खी कारकीर्द उभी राहू शकते, याचं उत्तम उदाहरण म्हणजे जीन श्रीव्ह. त्यांचा जन्म १९३३ चा, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉर्ज केडी या फ्लोरिनच्या जाणकाराकडे त्यांनी पीएच. डी. केली आणि १९६१ मध्ये आयडाहो विद्यापीठात रुजू झाल्या. गावाचं नाव मॉस्को, पण हे मॉस्को अमेरिकेतलं! आधी फ्लोरिनची संयुगं आणि नंतर नायट्रोजनने भरलेले ऊर्जादायी क्षार, असा त्यांचा प्रवास आहे. १९७८ मध्ये फ्लोरिन रसायनासाठीचा अमेरिकन केमिकल सोसायटीचा पुरस्कार त्यांना मिळाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की बाईंनी विषय बदलला. पण आत्ताचा हिशेब आठवा, विषय तोच होता.

योगायोग असा की त्याच १९३३ साली, २५ मार्चला, पुण्यात वसंत गोवारीकरांचा जन्म झाला. मराठी माणसाच्या तोंडी त्यांचं नाव मान्सूनच्या अंदाजामुळे बसलं. १९८८ चं सोळा घटकांचं ते प्रारूप अनेकांना आठवत असेल. पण त्यांचं मूळ काम रॉकेटच्या घन इंधनाचं. कोल्हापुरात वाढलेला हा मुलगा इंग्लंडला गेला, बर्मिंगहॅममध्ये प्रा. गार्नर यांच्याकडे रसायन अभियांत्रिकीत संशोधन केलं. घन आणि द्रव पदार्थांमध्ये उष्णता आणि वस्तुमान कसं वाहतं, यावरचं त्यांचं काम दोघांच्या नावाने ओळखलं जातं. मग हार्वेलचं अणुसंशोधन केंद्र, त्यानंतर समरफिल्डचं रॉकेट संशोधन. आणि १९६७ मध्ये विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून थुंबा.

थुंबा म्हणजे तेव्हा काय होतं? केरळच्या किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. चर्चची इमारत हेच कार्यालय. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं, पण ते अमेरिकेचं होतं. आपलं रॉकेट बनवायचं तर आपलं इंधन हवं, आणि ते कुणी पिशवीत घालून देणार नव्हतं.

घन इंधन म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. ऑक्सिजन पुरवणारी भुकटी, म्हणजे अमोनियम परक्लोरेट. जळायला अॅल्युमिनियमची भुकटी. आणि या सगळ्याला धरून ठेवणारं रबरासारखं पॉलिमर. हे रबर स्वतःही जळतं, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. ते तडकता कामा नये. इंधनाच्या गोळ्यात बारीकशी भेग पडली की जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो, दाब वाढतो, दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, आणि रॉकेटचा बॉम्ब होतो. म्हणजे उड्डाणाचं यश आगीइतकंच चिवटपणावर अवलंबून असतं. गोवारीकरांनी सहकाऱ्यांबरोबर १९८६ मध्ये पॉलिमर सायन्सचं जे पाठ्यपुस्तक लिहिलं, ते इथे बसलेल्या अनेकांनी परीक्षेसाठी वाचलं असेल. त्या पुस्तकातल्या कोरड्या वाटणाऱ्या प्रकरणांमागे हा अनुभव उभा आहे.

१९७९ मध्ये गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण झालं. पहिला टप्पा व्यवस्थित जळला. पण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून नायट्रिक आम्ल गळून गेलेलं होतं. रॉकेट भरकटलं आणि बंगालच्या उपसागरात पडलं. लक्षात घ्या, चारही टप्पे घन इंधनाचे, वर्षानुवर्षांची मेहनत त्यात, आणि दगा दिला तो एका गळतीने. ११ महिन्यांनी, १८ जुलै १९८० ला तेच रॉकेट ३५ किलोचा रोहिणी उपग्रह घेऊन कक्षेत गेलं. पुढे पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन एकसंध जळू लागलं. त्याची बातमी उपग्रहाची होते. एकही भेग पडली नाही, ही बातमी होत नाही.

इथे मी आजच्या व्याख्यानाच्या मुख्य मुद्द्यावर येतो. या शाखेतल्या रसायनज्ञाचं खरं यश म्हणजे न घडलेली गोष्ट. आणि इतिहासाला न घडलेली गोष्ट लिहिता येत नाही. ती कशी लिहायची, हा माझ्यासारख्याच्या पुढचा प्रश्न आहे.

याचं जुनं उदाहरण आपल्या विदर्भाच्या पिकाचंच घेऊ. कापूस. १८४६ मध्ये बाझेलच्या शोनबाइनने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून गनकॉटन बनवलं. दिसायला कापूस, जळायला बंदुकीच्या दारूपेक्षा भारी. युरोपभर कारखाने निघाले आणि एकामागून एक उडाले. इंग्लंडमध्ये फॅव्हरशॅमचा कारखाना १८४७ च्या जुलैत उडाला. लोक म्हणू लागले, हा पदार्थच शापित आहे. मग वुलिचच्या फ्रेडरिक एबलने शांतपणे बघितलं. कापसाचा तंतू आतून पोकळ असतो. वरून कितीही धुतला तरी त्या पोकळीत आम्ल अडकून राहतं, आणि ते हळूहळू पदार्थाला कुजवतं. एबलने १८६५ च्या सुमारास उपाय काढला : तंतू बारीक कापायचे, लगदा करायचा आणि धुवायचं. पुन्हा धुवायचं. बस. शोध शोनबाइनच्या नावावर आहे, तो असायलाच हवा. पण गनकॉटनला वापरण्याजोगं केलं ते धुण्याने.

आपल्याकडे हे काम कुठे सुरू झालं? १९०८ मध्ये नैनीतालला स्फोटकांची तपासणी करणारी एक छोटी सरकारी प्रयोगशाळा होती. ती पुढे पुण्याजवळ खडकीला आली, १९६० मध्ये तिला संशोधन प्रयोगशाळेचं रूप मिळालं आणि आज ती उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा म्हणून पाषाणच्या बाजूला उभी आहे. सुरुवात संशोधनाची नव्हती, तपासणीची होती. साठवलेला माल सुरक्षित आहे की कुजतोय, एवढं बघायचं. मला हे महत्त्वाचं वाटतं.

आणि नागपूर? इथे रसायन तंत्रज्ञानाचं शिक्षण आलं ते खाणीच्या पैशातून. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या व्यवसायात मिळवलेली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली, आणि १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आपली एलआयटी, सुरू झाली. खाण म्हटली की स्फोटकं आली. कोळसा, मँगनीज, चुनखडी, सगळं आसपास. १९६० च्या दशकात भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, भद्रावती, अंबाझरी असे आयुध कारखाने उभे राहिले. पुलगावचा दारूगोळा डेपो आधीपासून होताच. पुढे खासगी कारखाने आले. आज विदर्भातली हजारो घरं या धंद्यावर चालतात.

म्हणून सेमिनरी हिल्सवरचं ते कार्यालय इथे शोभतं. स्फोटकांचा कायदा १८८४ चा आहे. त्यातून जे नियम निघाले त्यांची भाषा रुक्ष आहे, पण जरा नीट वाचा. एका इमारतीत एका वेळी किती माल असावा याला मर्यादा. एका वेळी किती माणसं असावीत याला मर्यादा. दोन इमारतींमध्ये अंतर किती. भोवती मातीचा बांध. ठिणगी न पाडणारी हत्यारं. अंगावरची स्थिर वीज जमिनीत जाईल अशी फरशी. या प्रत्येक ओळीमागे कुठला ना कुठला स्फोट आहे. इमारत उडणार असं गृहीत धरून, उडाली तर किती माणसं जातील, हा आकडा आधीच लहान करून ठेवायचा. हेही रसायनशास्त्रच आहे, फक्त ते फुटपट्टीने केलेलं आहे.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजावर चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं होती आणि त्यांच्याच सोबत कापसाच्या गाठी. आग लागायला कापूस आणि उडायला दारूगोळा, दोन्ही एकाच पोटात! आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. म्हणून १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही आपल्याच शहरात आहे, हे जाता जाता सांगतो.

पण जुन्याच गोष्टी सांगून मी सुटका करून घेणार नाही. ३१ मे २०१६ ची पुलगावची रात्र तुम्हाला आठवते. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावला नऊ माणसं गेली, त्यात सहा बाया होत्या. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला किमान आठ कामगार गेले. कारणं शोधणं चौकशीचं काम आहे, ते मी व्यासपीठावरून करणार नाही. इतिहासाचा माणूस म्हणून एवढंच म्हणतो : एबलला दीडशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट रोज सकाळी पाळीच्या सुरुवातीला नव्याने पाळावी लागते. रसायनातलं ज्ञान एकदा मिळालं की राहतं. सुरक्षिततेचं तसं नसतं. आणि ज्यांच्या हातून ती पाळली जाते, त्यांच्या नावाने कुठलाही बंध, कुठलाही सिद्धांत ओळखला जात नाही.

आता पुन्हा फ्लोरिनकडे. म्वासाँची बुचं ज्या खनिजाची होती, तो फ्लुओराइट आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सापडतो. खडकात असलेलं थोडं थोडं पाण्यात उतरतं. फ्लोरिनला कॅल्शियमची ओढ आहे आणि आपल्या शरीरात कॅल्शियम कुठे? दातात आणि हाडात. १९३१ मध्ये अॅल्युमिनियम कंपनीत काम करणाऱ्या चर्चिल नावाच्या रसायनज्ञाने दातांवरच्या तपकिरी डागांचं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे दाखवलं. आपल्याकडे १९३७ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यातून हाडांच्या फ्लोरोसिसची नोंद केली. पाठ वाकलेली, मान वळत नाही, गुडघे एकमेकांना घासतायत, अशी गावंच्या गावं. विहिरीचं पाणी मात्र नितळ, चवीला चांगलं.

यावर नीरीने जी पद्धत दिली तिला नालगोंडा तंत्र म्हणतात, कारण काम त्या जिल्ह्यासाठी झालं. ही पद्धत १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाली. तिच्यात काय लागतं? तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. चाळीस लिटरची बादली घ्या, पाण्यातल्या फ्लोराइडच्या आणि क्षारतेच्या मापाने तुरटी टाका, तिच्या विसाव्या हिश्श्याइतका चुना, दहा-पंधरा मिनिटं ढवळा, तासभर निवू द्या आणि गाळ न हलवता वरचं पाणी नळाने काढून घ्या. म्वासाँला प्लॅटिनम लागलं, इथे वाण्याच्या दुकानातली तुरटी!

ही पद्धत निर्दोष नव्हती. तुरटी जास्त पडली तर पाण्यात अॅल्युमिनियम राहतं. चव बदलते. गाळात फ्लोराइड असतंच, तो टाकायचा कुठे? आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे रोज सकाळी कुणीतरी ढवळायला हवं. अनेक गावांत सुरुवातीचा उत्साह संपला आणि बादल्या धान्य भरायला गेल्या. पर्यायी पाणी आणता येत असेल तर तेच बरं, हे आता सगळेच मानतात. पण जिथे ती नीट चालली, तिथल्या एखाद्या मुलाची पाठ सरळ राहिली असेल. त्या मुलाला ते माहीत नाही. त्याचा फोटो कुठल्या अहवालात येणार? आजार झालेल्याचा येतो.

तर मंडळी, एकीकडे न उडालेली इमारत आणि दुसरीकडे न वाकलेलं हाड. फ्लोरिन आणि उच्च ऊर्जा पदार्थांत आयुष्य घालवणाऱ्यांची मिळकत बहुतेक वेळा अशी असते. श्रीव्ह, गोवारीकर यांची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांच्या कामातून दिसणारं काही उभं राहिलं. बाकीच्यांचा इतिहास लिहायचा तर प्रयोगशाळेच्या वह्या, तपासणीची रजिस्टरं, पाणी तपासल्याचे तक्ते जपावे लागतील. आपल्याकडे निवृत्तीनंतर हे कागद रद्दीत जातात.

म्हणून शेवटी दोन विनंत्या. तुमच्या घरात, नात्यात कुणी आयुध कारखान्यात, नीरीत, स्फोटक विभागात किंवा एखाद्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम केलेलं असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. तुम्ही केलेला शोध कोणता, असं विचारू नका. 'तुमच्या पाळीत काय होता होता राहिलं?' असं विचारा. अर्थात जे गोपनीय आहे ते तसंच राहू द्या, पण सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

दुसरी विनंती गावाकडून आलेल्या विद्यार्थ्यांना. आपल्या विहिरीच्या किंवा हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे, हा आकडा मिळवा. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर असेल तर घरच्यांना सांगा, ग्रामपंचायतीला लेखी द्या आणि त्या अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. उद्या कुणी हा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला ती लागेल.